कोनी बसलं काजी याच्यावर?

माझा साळा डलासला असतो. भाच्याच्या वाढदिवसाला त्याने तिकडून फुटबॉल पाठवला. ‘ओरिजिनल’, असं फोनवर दोनदा बजावलं. डब्यातून निघाला तो तपकिरी, दोन्हीकडे निमुळता, पोटावर लेस ओवलेला आणि हवा गेलेला. हवा भरून आणायचं काम अर्थातच माझं.

रविवारी ऊन तापायच्या आत मानेवाडा रोडवरच्या एका पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने बॉल उलटासुलटा केला, दाबला, टबातल्या पाण्यात बुडवला आणि निकाल दिला, “ब्लॅडर गेलं भाऊ. आकार पाहा ना.”

मागे एक काकाजी सायकल घेऊन उभे. पांढरा पायजमा, डोक्याला दुपट्टा.

“कोनी बसलं काजी याच्यावर?”

“नाही काकाजी. अमेरिकेचा फुटबॉल आहे, असाच असतो.”

“पायानं मारतेत?”

“कधीमधी. बहुतेक वेळ हातात धरून पळतात.”

“हातात!” काकाजींनी सायकल स्टँडवर लावली. हे लक्षण वाईट. नागपुरात माणसाने सायकल स्टँडवर लावली की तो तासभर हलत नाही. “आमी कामठीत खेळलो जी. हात लागला का शिट्टी. अन् हे धरून पळून राहिले, तरी फुटबॉलच?”

आता मला माहिती पोटात ठेवता येत नाही. सांगितलं, १८६३ साली लंडनमध्ये क्लबवाले नियम ठरवायला बसले. चेंडू हातात घेऊन पळावं का आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारावी का, यावरून फाटलं. नडगीवाले उठून गेले. त्यांच्या वळणाचा तो रग्बी फुटबॉल, आणि त्यातूनच पुढे अमेरिकेचा हा. ऑस्ट्रेलियात चेंडू लंबगोल, एकेका बाजूला १८ गडी, तोही फुटबॉल. आयर्लंडमध्ये चेंडू गोल, पण हातात घेतलेला चालतो, तोही फुटबॉल. आपल्या खेळाला अमेरिकन लोक सॉकर म्हणतात म्हणून इंग्रज नाक मुरडतात, पण ‘असोसिएशन’ कापून तो शब्द केला इंग्रजांनीच.

“म्हंजे सावजीसारखं,” काकाजी म्हणाले. “गल्लीत चार हॉटेलं, चाराच्याबी पाटीवर ‘अस्सल’.”

मला चेव आला. म्हटलं, अमेरिकेच्या अध्यक्षासोबत एक काळी बॅग फिरवतात, अणुहल्ल्याचा हुकूम द्यायची वेळ आलीच तर लागणारी. तिलाही फुटबॉल म्हणतात.

काकाजींनी दुपट्टा सोडून पुन्हा बांधला. “तिच्यात हवा कोन भरते?”

पंक्चरवाला टायरवर हात आपटून हसला. पान खात उभे असलेले दोघेही हसले. बॅगेला नव्हे, मला.

“हवा १२.५ ते १३.५ पौंड,” मी करड्या आवाजात म्हणालो. तिकडे २०१५ मध्ये एका सामन्यात चेंडूतली हवा कमी निघाली, तर टॉम ब्रॅडीसारख्या खेळाडूला पुढल्या वर्षी ४ सामने घरी बसवलं. इकडे मीटरचा काटाच तुटलेला. पंक्चरवाल्याने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, “झाली.”

खरी चीड साळ्याची. पोराला साधा गोल चेंडू हवा होता, आणि एक मैदान. आमच्याकडे मैदान म्हणावं तिथे लग्नाचं लॉन उभं राहतं. उरलेल्या ओपन स्पेसवर ज्येष्ठ मंडळींनी पाटी लावली आहे, ‘येथे बॉल खेळू नये’. कोणता बॉल, तेवढं लिहायचं राहिलं. चेंडू मिळावा अमेरिकेतून आणि खेळायला जागा मिळू नये दारासमोर, यावर हसायला पंक्चरवाल्याच्या दुकानात कोणी नव्हतं.

“किती झाले?”

“वीस.”

“पाटीवर तर दहा लिहिलंय.”

“ते गोलाचे. याले दोन टोकं हाय ना भाऊ.”

“बरोबर हाय त्याचं,” काकाजी म्हणाले आणि आपली दोन्ही चाकं फुकट भरून घेऊन निघून गेले.