इन्ट्रोव्हर्ट असलं की विनोदी लिहिता येत नाही, हे कोणी ठरवलं?

गेले काही दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतीये. म्हणे लेखकाची शैली त्याच्या पर्सनॅलिटी टाइपवरून ठरते, इन्ट्रोव्हर्ट माणूस उदास आणि गंभीर लिहिणार, एक्स्ट्रोव्हर्ट विनोदी आणि संवादांचं लिहिणार, आणि हे जन्मापासूनचं असतं, बदलत नाही, म्हणून आधी ती १६ प्रकारांची टेस्ट द्या आणि मगच काय लिहायचं ते ठरवा. मी एरवी सोडून दिलं असतं, पण माझ्या भाचीने हे वाचून अर्धी झालेली गोष्ट बाजूला ठेवली, म्हणून लिहितोय.

अबोल माणूस गंभीरच लिहिणार, हा पहिला दावा. जी. ए. कुलकर्णी माणसांत फारसे मिसळायचे नाहीत आणि त्यांच्या कथा काळोख्या, त्यामुळे पोस्टवाल्यांना वाटेल हे आपलंच उदाहरण. मग त्याच जीएंनी सुनीताबाई देशपांडेंना लिहिलेली पत्रं उघडा, त्यात किती थट्टा आहे बघा! माणूस तोच, फक्त समोर वाचणारं कोण आहे ते बदललं.

दुसरा दावा, एका माणसाची शैली एकच. इथे तर मला राम गणेश गडकरींच्या पलीकडे जायची गरजच वाटत नाही. १९१९ साली वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी गेले, आणि तेवढ्यात गोविंदाग्रज म्हणून प्रेमभंगाच्या कविता, बाळकराम म्हणून विनोदी लेख आणि स्वतःच्या नावाने नाटकं. बरं, टोपणनावं सोडा, ‘एकच प्याला’ हे एकच नाटक घ्या, त्यात दारूपायी सुधाकराचा सर्वनाश आहे आणि तळीरामाचं हसवणारं आर्य मदिरा मंडळही आहे, एकाच हाताने लिहिलेलं. गडकरींना कुठल्या खोक्यात बसवणार तुम्ही? नाटकातली ती अलंकारिक लांब भाषणंसुद्धा माइक नसलेल्या थेटरात शेवटच्या रांगेपर्यंत म्हणायची होती, हे विसरून फक्त स्वभाव शोधत बसणं मला पटत नाही.

राहिला सायन्सचा मुद्दा. या टेस्टचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकात आहे, आणि निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतो हे युंगच सांगून गेलाय. टेस्ट बनवली ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी, दोघींचंही मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं, आणि काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. स्वभावाचा लिहिण्याशी काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही हां. पेनबेकर आणि किंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ च्या अभ्यासात लोकांनी वापरलेले शब्द मोजून स्वभावाशी ताडून पाहिले, संबंध सापडला, पण फिका. त्यावरून कोणाची शैली सांगता येत नाही.

भाची सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, चार माणसांत तोंड उघडत नाही. तिच्या गोष्टीत मेसच्या काकू आहेत, त्या एका ताटात पोळी वाढताना दुसऱ्या ताटातल्या पोळ्या मोजत असतात आणि ‘अजून हवी का’ असं विचारतानाच डब्याचं झाकण लावतात. मी एकटाच बसून मोठ्यांदा हसलो. जेवताना गप्पा मारत बसली असती तर ते झाकण तिला दिसलं असतं का?

काल तिला फोन केला. म्हटलं, टेस्टचा निकाल राहू दे, पाचवी पोळी मागितल्यावर काकू काय म्हणाल्या ते आधी लिही.