सर्वाधिक उद्धृत म्हणजे सर्वांत मोठा शोध नव्हे

‘जगात सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध ऑलिव्हर लाउरी यांचा, म्हणून त्यांचा शोध जीवशास्त्रातला सर्वांत मोठा, नोबेलही मिळालं,’ असा मजकूर फिरतो आहे. पहिला भाग बरोबर आहे. अमेरिकी जैवरसायनशास्त्रज्ञ लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाची उद्धृतं, म्हणजे इतर निबंधांत संदर्भ म्हणून आलेले उल्लेख, २०१४पर्यंतच तीन लाखांपुढे गेली होती. पुढचं मात्र चूक आहे.

त्या निबंधात आहे प्रथिनं मोजायची रीत. नमुन्यात तांब्याचं अल्कधर्मी द्रावण घालायचं, मग फोलिन अभिकर्मक, म्हणजे रंग आणणारं एक पिवळसर रसायन. अर्ध्या तासात परीक्षानळी निळी होते. जितकं प्रथिन जास्त, तितका रंग गडद. एम.एस्सी.ला असताना त्या निळ्या नळ्यांची रांग मीही लावली आहे. रीत स्वस्त आणि संवेदनशील, त्यामुळे प्रयोगशाळांनी ती उचलली, आणि रीत वापरली की निबंधाचा उल्लेख आलाच.

नोबेल लाउरींना मिळालं नाही. उलट वॉटसन-क्रिक यांचा १९५३चा डीएनएच्या रचनेवरचा निबंध २०१४च्या सर्वाधिक उद्धृत निबंधांच्या यादीत पहिल्या शंभरांतही नव्हता. तो शोध पाठ्यपुस्तकात गेला. तिथल्या गोष्टींना कोणी संदर्भ देत बसत नाही. लाउरींचं काम मोलाचंच आहे, त्यासाठी खोट्या नोबेलची गरज नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.