गाडीशिवाय मासेरिया?

दक्षिण इटलीतल्या ब्रिंडिसीजवळच्या मासेरियात, म्हणजे जुन्या शेतवाड्यांच्या हॉटेलात, गाडीशिवायही आरामात राहता येतं असं एका लेखात म्हटलंय. ते काही पटलं नाही. ट्रेन ओस्तुनीला थांबते खरी, पण स्टेशन डोंगरावरच्या गावापासून लांब, आणि हे वाडे ऑलिव्हच्या बागांत पार आडबाजूला. गाडी घेणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. आणि जुन्या गावात ‘झेडटीएल’ची, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश अशी, पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरे असतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर नकोच, अख्खी इटली समुद्रावर लोटते.

शाकाहारींची मात्र चंगळ! सुक्या फावा बीन्सचं मऊसूत, पिठल्यासारखं वाटण, बाजूला कडसर चिकोरीची भाजी, वरून ऑलिव्ह तेलाची धार. ओरेक्किएत्ते, म्हणजे छोट्या कानांच्या आकाराचा पास्ता, मागवताना तेवढं ‘अँकोव्ही नको’ म्हणून आधीच सांगा. या पास्त्यासोबतच्या हिरव्या भाजीत हा छोटा खारवलेला मासा बेमालूम विरघळलेला असतो.