कडू जर्दाळूची बी आणि कर्करोगाचा फॉरवर्ड

‘जर्दाळूच्या कडू बियांत बी-१७ जीवनसत्त्व असतं. त्याच्या अभावानेच कर्करोग होतो. चिनी वैद्य हजारो वर्षं याच बिया देत आलेत. औषध कंपन्यांनी हे दडपलं. रोज मूठभर चावून खा, नैसर्गिक आहे.’ ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराचा हा गोषवारा.

चिनी वैद्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी थाप तिथे आहे. कडू जर्दाळूची बी, म्हणजे ‘शिंगरेन’, हे चीनमधलं खरोखर जुनं औषध आहे. पण खोकला, दम लागणं आणि बद्धकोष्ठ यांवरचं. हान राजवटीच्या अखेरच्या काळातल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या माहुआंग काढ्यात ७० बिया येतात, त्याही साल आणि टोक काढून, ज्येष्ठमधासारख्या इतर द्रव्यांबरोबर उकळून. आजची चिनी औषधसंहिता हिला ‘किंचित विषारी’ म्हणते आणि मात्रा ५ ते १० ग्रॅम सांगते. बी उकळत्या पाण्यात टाकून सोलण्याची रीत आहे, तिने बीमधलं एन्झाइम निकामी होतं. हे एन्झाइम शाबूत असताना बी चावली, की तिच्यातल्या अॅमिग्डालिन या द्रव्यापासून सायनाइड हे विष सुटतं. म्हणजे परंपरेने जपून वापरलेली वस्तू, आणि परंपरेचंच नाव घेऊन फॉरवर्डवाले सांगतात, कच्ची खा!

‘बी-१७’ म्हणजे हेच अॅमिग्डालिन, आणि ते जीवनसत्त्व नाहीच. अॅमिग्डालिन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३० मध्ये वेगळं केलं. ते न मिळाल्याने होणारा एकही आजार माहीत नाही. त्याच्याशी मिळतंजुळतं ‘लेट्राइल’ अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्स ज्युनिअर यांनी पुढे आणलं, आणि औषध म्हणून परवानगी मिळेना तेव्हा त्याला जीवनसत्त्वाचं लेबल लावलं.

दडपलं म्हणाल, तर उलट सरकारी पैशाने चाचणी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांत १७८ रुग्णांना अॅमिग्डालिन, सोबत आहार आणि जीवनसत्त्वं दिली. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले: कुणी बरं झालं नाही, आजार थांबला नाही, आयुष्य वाढलं नाही. काही रुग्णांच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. त्याआधी, १९८० मध्ये, अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन मेक्सिकोत लेट्राइलचे उपचार घेऊनही वाचला नव्हता.

 

‘नैसर्गिक’बद्दल एवढंच: युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सांगितलं, की कच्च्या कडू बियांपैकी तीन लहान बियांहून जास्त खाल्ल्या तर प्रौढ माणूस सुरक्षित मर्यादा ओलांडू शकतो. लहान मुलाला एकसुद्धा जास्त होऊ शकते. आपल्याकडे सुक्या जर्दाळूची बी फोडून आतला ‘बदाम’ मुलं आवडीने खातात. गोड बीत अॅमिग्डालिन फारच कमी असतं. कडू लागली तर थुंकून टाका.

आणि घरात कुणी फॉरवर्ड वाचून कडू बिया खाल्ल्या असतील आणि डोकं दुखणं, उलटी, चक्कर, धाप असं काही सुरू झालं, तर लगेच रुग्णालयात न्या आणि बियांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. सायनाइडवर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.