साधी पोच देता येत नाही?

काल निवेदन द्यायला गेलो होतो. नेहमीचंच, गृहमंत्र्यांना, पोलिसांमार्फत. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचे सूत्रधार कोण, कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंच्या खुनाच्या खटल्यातले फरार आरोपी कुठे आहेत, तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींना कोणी मारलं. एक पान, खाली सह्या. टेबलामागच्या साहेबांनी वरच्या दोन ओळी वाचल्या, कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, "अहो, दोघांना जन्मठेप झाली ना? अजून काय पाहिजे तुम्हाला?"

अजून काय पाहिजे! दाभोलकर खटल्याचा 10 मे 2024चा निकाल वाचलाय का एकदा तरी? गोळ्या झाडणाऱ्या दोघांना शिक्षा देताना न्यायालयानेच म्हटलं आहे की सूत्रधार वेगळेच आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघेही अपयशी ठरले. आम्ही तेच विचारतोय. यात आगाऊपणा कसला?

बरं, उत्तर नको, निदान पोच द्या म्हटलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख, एवढंच. "शिक्का बारनिशीत मिळेल." बारनिशी म्हणजे कागदांची आवक-जावक नोंदवणारा विभाग. बारनिशीतल्या बाई म्हणाल्या, साहेबांच्या सहीशिवाय आवक करता येत नाही. परत साहेबांकडे. साहेब म्हणतात, "विषय सीबीआयचा आहे, मी सही कशी करू?" शिक्का समोर पडलेला, शाईच्या डबीशेजारी, हात लांबवला असता तर मला घेता आला असता. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक ताई होत्या. खोलीतल्या दोन खुर्च्यांवर फायली रचून ठेवलेल्या. त्या ताई पूर्ण वेळ उभ्या होत्या, आणि "बसा" हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. मी मोबाइल काढला तर लगेच सगळे जागे झाले. "शूटिंग बंद करा, इथे चालत नाही!" आम्ही 20 तारखेला, डॉक्टरांचा खून झाला त्या पुलावर शांतपणे उभे राहतो तेव्हा तुमच्या गोपनीय शाखेचा माणूस आमच्या प्रत्येकाच्या तोंडासमोर कॅमेरा फिरवतो, ते मात्र चालतं. वर घरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168ची नोटीस येते, शांतता भंग कराल तर जबाबदार धरू म्हणून. खुनाचा जाब विचारणारा माणूस यांना बरोबर सापडतो. पत्ता, फोन नंबर, सगळं तोंडपाठ. खून करवून घेणारा तेवढा सापडत नाही.

आणि विषय तुमचा नाही म्हणजे काय? 20 ऑगस्ट 2013च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या शिंदे पुलावर डॉक्टर पडले, तेव्हा तपास कोणाकडे होता? पहिले नऊ महिने पुणे पोलिसांकडेच होता ना? त्या नऊ महिन्यांत काय केलंत? दोन शस्त्रविक्रेते धरले, मुदतीत आरोपपत्र दाखल झालं नाही, ते जामिनावर सुटले. तपासासाठी प्लँचेट, म्हणजे मृताच्या आत्म्याला बोलावण्याचा प्रकार, केल्याचा आरोप झाला. तेव्हाच्या आयुक्तांनी तो नाकारला, पण अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाच्या खुनाच्या तपासात असा आरोप व्हावा, याचाच अजून संताप येतो. शेवटी मे 2014 मध्ये हायकोर्टाला तपास काढून सीबीआयकडे द्यावा लागला. कर्नाटकच्या एसआयटीने, म्हणजे विशेष तपास पथकाने, पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा वर्षभरात छडा लावला, तेव्हा कुठे 2018 मध्ये इथली सूत्रं जुळायला लागली. तेही पाच वर्षांनी!

पानसरेंचं तेच. 16 फेब्रुवारी 2015ला कोल्हापुरात घराजवळ नवरा-बायको दोघांवर गोळ्या झाडल्या, 20 तारखेला कॉम्रेड गेले. आधी एसआयटी, मग 2022 मध्ये एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक. विचारायला गेलं की एक म्हणतो त्यांना विचारा, दुसरा म्हणतो प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. हा "न्यायप्रविष्ट" शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. फरार आरोपी शोधायला न्यायप्रविष्ट आडवं येतं का?

शेट्टींचं नाव तर आता कोणी घेतच नाही. एक्स्प्रेस-वेच्या बाजूच्या जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढले, जिवाला धोका आहे म्हणून संरक्षण मागितलं, आणि 13 जानेवारी 2010ला सकाळी फिरायला गेलेला माणूस भर रस्त्यात मारला गेला. सीबीआयने तपास बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. भाऊ अजून लढतोय. खुनी कोण, हे आजही कागदावर नाही.

दर 20 ऑगस्टला "विनम्र अभिवादन" टाकणाऱ्या सगळ्या पक्षांच्या नेत्यांचाही मला तितकाच राग येतो. तुमची अभिवादनं नकोत. विधानसभेत उभे राहा आणि गृहमंत्र्यांना विचारा की सूत्रधारांच्या तपासाचं आज काय चाललंय. सरकारं बदलली, गृहमंत्री बदलले, आमचं निवेदन तेच राहिलं.

तेच निवेदन उद्या स्पीड पोस्टाने जाणार आहे. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज: नागरिकांचं निवेदन आवक करू नये, असं कोणत्या परिपत्रकात लिहिलं आहे, त्याची प्रत द्यावी. त्यावर तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागेल, आणि नाही दिलं तर अपिलाचा मसुदा आताच तयार आहे.