समुद्र आहे ना दारात!

"दारात समुद्र असताना ही टाकी कशाला?" गुहागरला आमच्याकडे येणारा प्रत्येक जण माझा स्विम स्पा, म्हणजे पोहायची छोटी टाकी, बघून हेच विचारतो. गणपतीला येणारे चाकरमानी तर हमखास.

अहो, पावसाळ्यात त्या समुद्रात पाऊल तरी टाकवतं का? पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते. जन्मभर पाण्यावर जगलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात, आणि मी दुखरे गुडघे घेऊन लाटांत उतरू?

स्विम स्पा म्हणजे शोभेचा हौद नव्हे. समोरच्या जेटमधून झोत येतो, त्याच्याविरुद्ध जागच्या जागी पोहायचं. झोत कमी-जास्त करता येतो. लाटेला कोण सांगणार? छातीभर पाण्यात चाललं की अंगाचा बराचसा भार पाणीच पेलतं. ज्याला जिना चढताना जीवघेणी कळ येते ना, त्यालाच याचं मोल कळतं.

वर "किती पाणी फुकट घालवता!" रोज बदलत नाही हो ते! फिल्टरमधून फिरतं. क्लोरीन तपासते, पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवते. खरा त्रास विचारा ना! खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात, झाकण जरा उघडं राहिलं की फणसाची पानं आत, आणि धो धो पावसात वीज गेली की पंप बंद, व्यायामही बंद. ते कुणी विचारत नाही.

काल शेजारच्या काकू पुन्हा कुंपणावरून म्हणाल्याच, "अगो, समुद्र काय आटलाय?"