तरुण कुठे गेले म्हणे!

दर रविवारी उपासना संपली की चहाबरोबर तेच रडगाणं: ‘तरुण चर्चला येत नाहीत हो!’ अहो, गेल्या महिन्यात एक पोरगी ढोलकी घेऊन आली, तर पुढच्या बाकावरून आवाज, ‘हे मंदिर आहे की तमाशाचा फड?’ नगरकडे 19व्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं दणक्यात व्हायची, पण ते यांना कोण सांगणार! पोरगी परत फिरकली नाही. मग ‘नवचैतन्या’साठी काय केलं? प्रोजेक्टर घेतला. तो कपाटात, किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार पुण्याला लेकीकडे. आता म्हणे तरुणांसाठी कमिटी नेमलीय. सगळ्यात धाकटे सभासद पेन्शन घेतात. नाताळला मात्र मांडववाल्याकडून जादा खुर्च्या मागवायच्या, तेव्हा आठवण माझी!